पाण्यावर आलेले दाणे

धान पाण्यात टाकलं का पोचट दाणा वर येते अन् भरलेला खाली बसते. हे मले कोणी शिकवलं नाही, लहान होती तेव्हापासून पाहत आली. पेरणीच्या आधी आमची माय घमेल्यात पाणी घेऊन बियाणं त्यात सोडे, अन् वर आलेलं हातानं काढून कोंबड्याइले टाके. तिले जर कोणी म्हटलं असतं का हा दाणा वर आला म्हणजे तुह्या घरात पाप हाय, तं तिनं घमेलंच फेकून मारलं असतं. अन् मी, तिचीच पोरगी, बारा वर्ष तेच मानत राहिली.

आमचं गाव अड्याळच्या बाजाराले जाणारं. दोन एकर धानाची शेती, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या पाण्यावर होते. घरात आम्ही चौघं. मी, माहा नवरा, पोरगा अन् सून. पोरगा राईस मिलमध्ये कामाले जाते. मी शाळा दुसरीपर्यंत शिकली. मंग रोवण्याले हात पाहिजे होते म्हून बापानं बसवलं.

ओट्यावर आम्ही गेलो ते नवऱ्याच्या दारूपायी. मोहाची पेत होता, अन् पेला का हात उचले. तिथं गेल्यावर एका महिन्यात त्याची दारू सुटली. हे मी खोटं नाही सांगत. दारू सुटली, मार बी सुटला. ज्या बाईचा मार सुटते ती बाई मंग जास्त विचारत नाही.

ओटा म्हणजे आमच्या मुखियाच्या घरासमोरचा ओटा, शेणानं सारवलेला. त्याच्यावरूनच गावातले बाकीचे लोक आम्हाले ओटेवाले म्हणत. आम्ही आपसात काहीच नाव नाही घेत होतो. नुसतं "आपले" अन् "बाहेरचे". मुखियाचं बी नाव घ्याचं नाही, त्याइले कर्ते म्हणाचं. माणूस वाईट होता असं मी नाही म्हणत. पांढरा शर्ट, हळू बोलणं. बारा वर्षात कोणाले रागावलेले मी पाहिले नाही. त्याइले रागवाची गरजच पडत नव्हती.

नियम होते. बाहेरच्याच्या हातचं शिजलेलं खाचं नाही, पाणी प्याचं नाही. बाहेरच्याले उंबरा ओलांडू द्याचा नाही. बाहेरच्याच्या मयतीत पाय ठेवाचा नाही. दवाखाना नाही, गोळी नाही, सुई नाही. कर्त्याइनं फुंकलेलं पाणी सकाळी अनशापोटी, उगवतीकडे तोंड करून घ्याचं, त्यानंच बरं होते. घरातले देव बी सोडाव लागले. माह्या सासूच्या हातचे पितळेचे देव होते, ते फडक्यात बांधून नवऱ्यानं तलावात सोडले. मी काठाच्या पाळीवर उभी होती. बुडताना बुडबुडे आले तेवढे आठवते.

माही माय मेली तेव्हा मी गेली, पण आंगणात नाही गेली. बाहेर खताच्या गड्ड्यापाशी उभी राहून पाहिलं. माहा भाऊ पाण्याचा गिलास घेऊन तिथपर्यंत आला. मी हात मागं घेतला. तो गिलास तिथंच सांडून वापस गेला.

दर मंगळवारी सकाळी ओट्यावर बसणं राहे. प्रत्येक घरातून एकानं आपल्या ढोलीतलं मूठभर धान न्याचं. ढोली म्हणजे धान ठेवाची बांबूची, शेणामातीनं लिपलेली. ओट्यावर पितळेचं गंज, म्हणजे मोठं भांडं, पाण्यानं भरून ठेवलेलं राहे. मूठ त्यात सोडाची. जेवढे दाणे वर आले तेवढ्या घरातल्या चुका. मंग उभं राहून त्या सगळ्यासमोर बोलाच्या. कर्ते म्हणत, बोललेली चूक मोकळी होते, दबलेली चूक घरातल्या माणसाच्या आंगात उतरते.

तं लोक बोलत. कोणी म्हणे, शेजारणीच्या नव्या लुगड्यावर मनात जळली. माहा पोरगा म्हणे, मिलमध्ये चहा घेतला. चार दाणे वर आले अन् चुका तीनच आठवल्या तं चौथी तयार कराव लागे. मी बी केली हायत. एकदा मी सांगितलं का सपनात भावाच्या घरी जेवली. ते बी मोजलं गेलं.

माह्या बाजूले एक बाई बसत होती, आमच्याच आळीतली. तिचे दाणे कधी एक-दोनच्या वर जात नव्हते. आम्ही म्हणत होतो, किती साफ घर हाय पाहा.

मंग एक वर्ष असं आलं का कापणीच्या तोंडावर मावा-तुडतुडा पडला. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, जागोजागी गोल चकत्या जळल्यावानी झाल्या. लोंब्या उभ्या, पण दाणा भरलाच नाही. चुरणा, म्हणजे मळणी, झाल्यावर मीच धान पाखडलं. सुपातून किती उडालं ते माह्या डोळ्यानं पाहिलं, तरी ढोलीत गेलेल्यात बी पोचट लय राहिलं. अन् मंगळवारी तेच धान गंजात सोडलं, अन् अर्ध वर आलं, तं मी बोटावर मोजाले लागली का बापा, एवढ्या चुका कोणाच्या. शेतात पाखडणारी मी अन् ओट्यावर बसणारी मी, एकच बाई होती. पण एकीचं दुसरीले माहीत नव्हतं असं म्हणा.

त्याच दिवाळीपासून बुढा खोकलाले लागला. बुढा म्हणजे माहा नवरा. आधी वाटलं चुरण्याचं भुसकट गेलं असंन नाकातोंडात. पण मंग रोज संध्याकाळी आंग तापे, झोपेत घाम येये, अन् धोतर कमरेले राहेना. पाणी चालू होतं. दोन महिने पाण्यानं काही झालं नाही.

सून एक दिवस चुलीपाशी म्हणाली, "आत्याबाई, मामाजीले सरकारी दवाखान्यात दाखवू का एकदा? तिथं नुसती थुंकी तपासते."

"थुंकीत काय ठेवलं हाय?"

"माह्या मोठ्या बाबाचं असंच होतं. बारीक ताप अन् खोकला."

"तुह्या माहेरी असंन. इथं तुहं माहेर नाही."

"नाही जी," ती म्हणाली, "पण इथं खोकला हाय."

मी तिले म्हटलं, तोंड सांभाळ. ती भाकर पलटवाले लागली. एकोडीची पोरगी, बारावी शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिले ओट्याचं काही माहीत नव्हतं. आम्हीच सांगितलं नव्हतं, सोयरीक मोडन म्हून.

पौषात फरक पडला. आधी ताप गेला, मंग भूक आली. अन् एक गोष्ट झाली. थंडीत त्याले मागच्या वाडीत जाणं होत नव्हतं, खाटेपाशी डबा ठेवला होता, तो सकाळी मीच फेकत होती. त्यातली लघवी एक दिवस केशरी दिसली. पळसाची फुलं उकळली का जसं पाणी होते, तशी. मी घाबरली. मंगळवारी कर्त्याइले सांगितलं. ते डोळे मिटून बसले, अन् मंग म्हणाले, "रोग रंग होऊन उतरून राहिला. उतरू द्या."

सगळ्याइनं हात जोडले. दोन बाया तं डबा पाहाले घरी आल्या. मी बी दाखवला. सून तेव्हा भिंतीले पाठ लावून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

बुढा उठून बसला. उन्हात खाट टाकून मागाले लागला का आज लाखोरीचं वरण कर. मले वाटलं, पाणी लागलं. सकाळचं पाणी सूनच देत होती, आंघोळ करून, लोटा घेऊन, उगवतीकडे त्याचं तोंड करून. मी मनात म्हटलं, तोंडाची तिखट हाय पण सेवेले चांगली हाय.

फाल्गुनात एक दिवस खोकल्यासंग रक्ताची रेघ आली. एकदाच आली, पण आली. तो सोमवार होता. दुसऱ्या दिवशी मी मूठ घेऊन ओट्यावर गेली. धान सोडलं. दाण्याइची साय आली पाण्यावर. अशी का पाणी दिसेना.

कर्ते हळूच म्हणाले, "एवढं उतरलेलं दुखणं वापस काहून आलं? घरात मोठी चूक दबून हाय. बोलाव लागते, बाई. नाही तं त्याच्या छातीत राहीन ते."

पोरगा उभा झाला अन् चहाचं बोलला. ते आधीच झालं होतं. मी उभी झाली. माह्यापाशी काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं मी बारा वर्षात बोलून बसली होती. लोक माह्याकडे पाहून राहिले होते. मले फक्त एवढं दिसत होतं का आता काही बोलली नाही तं माणूस जाईन.

दोन दिवसाआधी मी एक गोष्ट पाहिली होती. बोअरिंगवर सून पाणी भरत होती. आरोग्याची आशाबाई तिथं आली, घरात तं तिले येता येत नव्हतं. तिनं पदराआडून सुनेच्या हातात काही तरी दिलं. काय दिलं ते मले दिसलं नाही.

मी म्हणाली, "माह्या सुनेनं बाहेरच्या बाईच्या हातचं घेऊन खाल्लं. बोअरिंगवर. मी पाहिलं."

खाताना पाहिलं नव्हतं. पण नुसतं घेतलं म्हणून कोणती मोठी चूक होणार होती. म्हून खाल्लं म्हटलं.

कर्त्याइनं तिले विचारलं, "घेतलं का, पोरी?"

"घेतलं."

"काय होतं?"

तिनं माह्याकडे पाहिलं. रागानं नाही. जसं गाडी सुटल्यावर माणूस पाहते, तसं. मंग खाली पाहून म्हणाली, "खाल्लं."

तिले बंद केलं. बंद करणं म्हणजे त्या माणसासंग चाळीस दिवस कोणी बोलाचं नाही, घरात ठेवाचं नाही, अन् कर्ते उघडतीन तेव्हाच वापस घ्याचं. पोरग्यानं त्याच दुपारी मोटरसायकल काढली. निघताना ती माह्यासमोर आली.

"आत्याबाई, एक सांगाचं हाय. मामाजीचं हाय."

मी तोंड भिंतीकडे केलं. नियम होता तसा.

"आत्याबाई, बोलू नोका, नुसतं ऐका."

ऐकणं बी नियमात बसत नव्हतं. मी कानावर पदर घेतला अन् मोठ्यानं कर्त्याइनं जपाले दिलेला शब्द म्हणाले लागली. ती आत जाऊन बुढ्यापाशी काही बोलली. मंग गाडीचा आवाज आला.

त्यानंतर सकाळचं पाणी मी देत होती. आठ दिवसातच डब्यातला रंग गेला. साधं पाण्यावानी झालं. कर्ते म्हणाले, "झालं. रोग सरला. चूक मोकळी झाली न." मले बी तसंच वाटलं. रक्त आलं नव्हतं, बुढा चालत-फिरत होता. मी म्हटलं, सुनेचं वाईट झालं, पण माणूस वाचला.

चैत सरला. वैशाखात खोकला वापस आला. या खेपेले जोरात आला. जेठाच्या पहिल्या आठवड्यात तो खाटेवरून उठाले भिंत धरे. रक्त आलं, रेघ नाही, चूळ भरून थुंकते तसं. चाळीस दिवस कधीचे झाले होते, पण कर्ते सुनेले उघडत नव्हते. म्हणत, आधी तुमचे दाणे पाहा. दाणे तं दर मंगळवारी वरच. धान तेच, ढोली तीच, दाणे खाली बसतीन कसे.

एक दिवस तलावावर कपडे धुताना आळीतली ती साफ घराची बाई माह्यापाशी सरकली.

"एक सांगू का वं? कोणाले बोलशीन नाही न?"

"सांग."

"मी ढोलीतलं नेतच नाही. मी बियाण्यातलं नेतो, निवडून. एक-दोन पोचट आपल्या हातानं टाकतो, नाही तं खोटं दिसते."

"किती वर्षापासून?"

"पहिल्यापासून. तू काय ढोलीतलं नेत होती का?" तिनं विचारलं. तिले खरंच नवल वाटलं होतं. "एवढी शेतीची बाई तू, अन् बावळट कशी वं?"

मी घरी आली. मनाशी ठरवलं का पाप लागलं तं लागो, या मंगळवारी बियाण्यातलं न्याचं. दाणे खाली बसले तं कर्ते सुनेले उघडतीन, अन् बुढ्यासाठी नवं पाणी देतीन. एवढाच माहा विचार होता. लबाडी करून खरं पाणी मिळवाचं. आता सांगताना हसू येते, तेव्हा नव्हतं येत.

बियाण्याची ढोली वेगळी राहते, लहान, कोपऱ्यात. तिच्यात मिरगापर्यंत कोणी हात घालत नाही. तोंडावरचं लिंपण मी काढाले गेली तं ते आधीच कोणी तरी काढून परत लावलेलं होतं. हात घातला. कोपरापर्यंत गेला अन् बोटाले काही तरी कडक लागलं. पिलास्टिकची थैली. आत गोळ्याच्या पत्त्या होत्या. अन् एक घडी केलेलं कार्ड.

दुसरी शिकलेल्या बाईले बी आपल्या नवऱ्याचं नाव वाचता येते. कार्डावर त्याचं नाव होतं. खाली खूप चौकोन होते अन् पौषातल्या एका दिवसापासून रोज एकेका चौकोनात बारीक टिक केलेली होती. सुनेची टिक. एक दिवस सुटला नव्हता. ओट्यावर मी तिचं नाव घेतलं त्या मंगळवारची सकाळची टिक होती. त्याच्या पुढं सगळे चौकोन कोरे.

मी तिथंच जमिनीवर बसली. मंग एकेक गोष्ट आपल्या जाग्यावर जाऊन बसली. बोअरिंगवर काय दिलं होतं ते. रंग कायचा होता ते, रोगाचा नाही, गोळ्याइचा. ती तिथं गोळ्या बोलली असती तं बुढ्यालेच बंद केलं असतं, अन् गोळ्या बंद झाल्या असत्या. म्हून तिनं खाल्लं म्हटलं.

मी कार्ड घेऊन खाटेपाशी गेली.

"तुम्हाले माहीत होतं?"

त्यानं कार्ड पाहिलं अन् डोळे मिटले. "होतं."

"मंग?"

"थुंकी तिनंच आशाबाईपाशी धाडली होती. मंग म्हणाली, मामाजी, पाण्यासंग हे बी घ्या. मी घेतलं. पाण्यानं तं बरा होतच होतो, गोळीले बी पोटात जागा होती."

"अन् ती गेल्यावर काहून नाही घेतल्या? ती सांगून गेली होती न तुम्हाले?"

"बरं वाटत होतं. रंग बी गेला, कर्ते बी म्हणाले रोग सरला." तो खोकलला, खूप वेळ. मंग म्हणाला, "अन् मले भेव वाटलं, आपण दोन दोन देवाइले खेटून राहिलो, एखादा रागवन."

"तिचं नाव घेतलं तेव्हा तरी बोलले असते."

"तू घेतलं," तो म्हणाला. "मी तं खाटेवर होतो."

मी कार्ड पदरात बांधलं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या यष्टीनं निघाली. भंडारा, मंग साकोली, मंग एकोडी. नियम असा होता का बंद माणसाच्या दारी गेलं का आपण बी बंद. गाडीत बसली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, आजी, कुठं? मी एकोडी म्हटलं अन् मनात म्हटलं, झालं, आता बंद.

सुनेची माय आंगणात मोहाची टोरी, म्हणजे बी, फोडत बसली होती. मले पाहून उठली नाही.

"या," ती म्हणाली. "पोरगी तलावाच्या कामावर गेली हाय, येईन आता. पाणी देऊ का, का तुमच्यात चालत नाही?"

"द्या."

तिनं गिलास आणला अन् माह्यासमोर धरून उभी राहिली, पाहाले का ही खरंच पेते का. मी पेली. छातीत काही तरी होईन असं वाटलं होतं. काही झालं नाही. पाणी थंड होतं.

"जेवणार बी का?"

"वाढा."

तिनं भात अन् वरण वाढलं. मी अर्ध जेवली असंन तेवढ्यात सून आली, डोक्यावर घमेलं, पायाले गाळ. दारातच थांबली. आपली सासू आपल्या मायच्या घरी पाटावर बसून जेवून राहिली, हे तिले समजाले काही वेळ लागला.

पहिलं तिनं विचारलं, "मामाजी कसे हायत?"

मी पदरातून कार्ड काढून खाली ठेवलं. तिनं ते उचललं नाही, उभ्यानंच पाहिलं.

"त्या दिवसापासून बंद हाय?"

"हो."

"रक्त?"

"येते."

ती भिंतीले टेकून बसली. "मंग आता पहिल्यापासून," ती म्हणाली. "अन् आता जास्त दिवस. कदाचित वेगळ्या गोळ्या. डॉक्टर सांगतीन." तिनं हातावरचा गाळ खरडला. मंग म्हणाली, "आत्याबाई, मले खाताना पाहिलं होतं तुम्ही?"

"नाही."

"मी येतो. आजच येतो. पण तेवढं तिथं सांगा, सगळ्यासमोर. बाकी काही नोको मले."

तिची माय मधात बोलली, "मी असती तं तुमच्याकडून पाय धुऊन घेतले असते."

"माय, तू वरण वाढ त्याइले," सून म्हणाली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी घरी आलो. पोरगा बायकोले पाहून उठून उभा झाला. "आई, घर बंद होईन," तो म्हणाला. मी म्हटलं, होऊ दे. सकाळी त्यानं मोटरसायकल काढली, बापाले मधात बसवलं, मागून सुनेनं त्याले धरलं, अन् ते दवाखान्यात गेले. तिथं पंधरा दिवस ठेवून घेतलं. नवं कार्ड झालं.

मंगळवारी मी ओट्यावर गेली. दोन पुडकी नेली. दोन्ही आमच्या एकाच ढोलीतली. एकातलं धान मी सुपानं पाखडून एकेक दाणा हातानं निवडलेलं, दुसऱ्यातलं जसं होतं तसं. माही पाळी आली तं मी पहिलं पुडकं गंजात सोडलं. सगळे दाणे खाली गेले. बायाइनं हात जोडले. मंग मी दुसरं सोडलं. ते वर आलं.

मी म्हणाली, "एकच ढोली, एकच घर, एकच सकाळ. एक पाखडलेलं हाय, एक नाही. औंदा तुडतुडा पडला होता, दाणा भरला नाही. तुम्ही बी सगळे शेती करता. अन् मी खोटं बोलली होती. माह्या सुनेनं काही खाल्लं नव्हतं. तिनं औषध घेतलं होतं, तिच्या सासऱ्यासाठी. मी खाताना पाहिलं नव्हतं अन् पाहिलं म्हटलं."

माह्या बाजूची ती बाई माह्याकडे अशी पाहून राहिली होती का आता ही माहं नाव घेईन. मी नाही घेतलं. एकदा एकीचं घेतलं होतं, तेवढं पुरे.

कर्ते नेहमीवानीच हळू बोलले. "तिसरी मूठ तुह्या मनात हाय, बाई. ती आम्हाले दिसून राहिली. पूर्ण पोचट."

अन् सगळ्याइनं हात जोडले. मले वाटलं होतं, दोन-चार जण तरी गंजात पाहतीन. कोणी पाहिलं नाही. मी पुडक्याचा कागद घडी करून घेतला अन् उठून आली. आमचं घर त्या दिवशी बंद झालं.

त्या वर्षी आमच्या रोवण्याले कोणी आलं नाही. आधी आम्ही एकमेकाच्या बांधीत जाऊन रोवत होतो, आज तुही, उद्या माही. ते सरलं. पऱ्हा, म्हणजे रोप, मोठा होऊन राहिला होता, पाणी उभं होतं, अन् हात तीनच. मी भावाले निरोप पाठवला. मायच्या मयतीनंतर पहिल्यांदा. तो आला, भावजय आली, तिच्या दोन बहिणी आल्या. दुपारी बांधावर बसलो तं भावानं पाण्याची बाटली माह्यासमोर केली. मी घेतली, पेली, वापस दिली. तेवढंच झालं. तेव्हापासून येणं-जाणं हाय.

बुढ्यानं वर्षाच्या वर गोळ्या खाल्ल्या. एका बाजूची छाती कामातून गेली, चालताना धाप लागते, पण हाय. गोळी घेताना अजून उगवतीकडे तोंड करे. सून म्हणे, करू द्या, गोळीले दिशा समजत नाही. दारू त्यानं परत धरली नाही. ती ओट्यामुळं सुटली ती सुटलीच, हे बी सांगितलं पाहिजे.

अन् माहं सांगते. अजून बी त्यानं खोकललं का माहं मन आधी चूक शोधाले जाते. आज कोणाले काय बोलली, कोणाचं मन दुखवलं. बारा वर्षाची सवय हाय, ते काही एका मंगळवारी जात नाही.

सुनेसंग मी त्या गोष्टीवर परत बोलली नाही. तिनं बी काढलं नाही. यंदा मिरगाच्या आधी आम्ही दोघी आंगणात बियाणं धुवाले बसलो. आता आम्ही पाण्यात मीठ टाकतो, ते तिनंच कुठून शिकून आणलं. घमेल्यात धान सोडलं अन् पोचट वर आलं. तिनं ते दोन्ही हातानं काढून आंगणात टाकलं. कोंबड्या धावल्या.

ती त्याइच्याकडे पाहून म्हणाली, "आत्याबाई, पाहा. तुमच्या चुका कोंबड्या खाऊन राहिल्या."

बुढा खाटेवर बसला होता. तो एवढा हसला का हसता हसता खोकलाले लागला. आमचे दोघीचे हात पाण्यातच थांबले. ती बी ऐकत होती, मी बी ऐकत होती. दोन-तीनदा खोकलला, मंग थुंकला. सून उठून पाहून आली. साधाच खोकला होता, थुंकीत रक्त नव्हतं. तिनं बसून दुसरं घमेलं ओढलं.